गाणं डिलनचं, मग वाजवणाऱ्यांचं काहीच नाही?

तिरकीट

परवा दुसऱ्या एका चर्चेत मंद्रसप्तक यांनी लिहिलं होतं: "साथीदार बदलला तरी गाणं तेच राहतं. मजुरी दिली की हिशेब संपला. मिनिॲपोलिसच्या वादकांवरचा अन्याय ही नंतर रंगवलेली कहाणी आहे, कव्हर आधीच छापून झालं होतं एवढाच तो प्रकार." तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर. विषय अमेरिकन गायक बॉब डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या रेकॉर्डचा: तिच्यावर वाजवलेल्या मिनिॲपोलिसच्या वादकांची नावं कव्हरवर आलीच नाहीत.

गाणं तेच राहतं म्हणे! आणि हे ब्लड ऑन द ट्रॅक्सच्या बाबतीत? सप्टेंबर 1974 मध्ये न्यूयॉर्कला ही रेकॉर्ड अख्खी तयार होती, टेस्ट प्रेसिंगही (नमुन्याची तबकडी) निघालं होतं. डिसेंबरात डिलन मिनेसोटात घरी गेला, भावाला ऐकवली. भावाला ती एकसुरी वाटली. मग त्या भावानेच तिथले वादक गोळा केले आणि 27 व 30 डिसेंबरला मिनिॲपोलिसच्या साउंड 80 स्टुडिओत दहापैकी पाच गाणी नव्याने झाली. गाणारा तोच, शब्द थोडेफार इकडेतिकडे. तरी दोन्हीकडचं 'इडियट विंड' लागोपाठ ऐका. न्यूयॉर्कमध्ये माणूस खचून बोलतोय, मिनिॲपोलिसमध्ये तो अंगावर येतो. बिल बर्गचा ड्रम आणि बिली पीटरसनचा बास काढून टाका आणि मग सांगा गाणं तेच राहतं का.

आता कव्हरची सबब. जानेवारी 1975 मध्ये रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा वेळ नव्हता, कबूल. पण मागच्या बाजूला पत्रकार पीट हॅमिलचा लेख होता, तो पुढच्या छपाईत काढून तिथे चित्र टाकलं. मग त्याच लेखाला ग्रॅमी मिळालं, तेव्हा लेख परत आला. म्हणजे तीच बाजू दोनदा बदलायला कंपनीला सवड मिळाली. सहा नावं टाकायला मिळाली नाही. ती आली 2018 मध्ये, डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या 'बूटलेग' मालिकेच्या चौदाव्या संचात. तोवर त्या वादकांची उमेदीची वर्षं संपली होती.

मंद्रसप्तक

माझं वाक्य उचललंत, त्याच्या आधीचा परिच्छेद सोडलात. असो.

डिलन नावं दाबणारा माणूस असता तर 1966 मध्ये त्याच्याच ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड या रेकॉर्डवर नॅशव्हिलच्या वादकांची यादी आली नसती. चार्ली मॅकॉय, केनेथ बटरी, वेन मॉस, सगळे आहेत. तेव्हा हा कंपनीच्या कारभाराचा ढिसाळपणा आहे, कट नाही. आणि वादकांनी तरी काय गमावलं? त्यांच्यातल्या एकाने 2004 मध्ये या सेशनवर पुस्तक लिहिलं. दोन रात्रींच्या कामावर इतकं नाव किती जणांना मिळतं?

तुमचा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे, पण लग्नपत्रिकेत आचाऱ्याचं नाव छापतात का? जेवण उत्तम झालं तरी लग्न वधूवरांचंच असतं.

नाठाळ

वा! वादक म्हणजे आचारी. पुढच्या कार्यक्रमाला तबलजीला मागच्या दाराने आत घ्या आणि पंगत उठल्यावर जेवायला वाढा.

साहेब, 1973 मध्ये पिंक फ्लॉइड या बँडने गायिका क्लेअर टॉरीला रविवारचा दर म्हणून 30 पौंड दिले होते. तुमच्या भाषेत हिशेब संपला. तिने 2004 मध्ये दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि आता 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर सहसंगीतकार म्हणून तिचं नाव असतं. प्रोकोल हॅरम या बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधल्या ऑर्गनवाल्याचं काय? मॅथ्यू फिशरला 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) 40 टक्के हिस्सा कायम केला. तेही गाणं आल्यावर चार दशकांनी. आचाऱ्याला एवढं कोणी देत नाही.

मंद्रसप्तक

दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. टॉरीने स्वतःची चाल गायली, फिशरने ऑर्गनची सुरावट रचली. ती रचना होती, म्हणून हिस्सा मिळाला. मिनिॲपोलिसवाल्यांनी काय रचलं? त्यांच्यातल्या केव्हिन ओडेगार्ड या गिटारवाल्याने 'टँगल्ड अप इन ब्लू'ची पट्टी 'G' वरून 'A' वर न्यायला सुचवली. पट्टी बदलणं ही रचना झाली? मग कॉपीराइट पेटीच्या भात्यालाही द्या.

पेटीवाली

भात्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. आपल्या भाषेत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत, हे पांढरी पाचवरून पांढरी सहावर गेलं. एकच स्वर, हो. पण आधी ते गाणं डिलनला आरामात बसत होतं, म्हणूनच ते पडेल वाटत होतं. एक स्वर वर गेलं की गळ्याला ताणावं लागतं आणि तो ताणच त्या गाण्याचा जीव आहे. डिलनने कसं वाटलं विचारल्यावर हा ओडेगार्ड 'चालेल असं' म्हणाला. पाहुणा म्हणून बोलावलेल्या वादकाने डिलनच्या तोंडावर! इथे एखाद्या गायकाला 'चालेल असं' म्हणून बघा, पुढच्या कार्यक्रमाला दुसरी पेटी दिसेल.

मी बोलले होते. नाव घेत नाही. सुगम संगीताचा कार्यक्रम, बाईंना पट्टी झेपत नव्हती, मी हळूच म्हटलं अर्धा स्वर खाली घेऊ. मध्यंतरापर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही. निवेदकाने शेवटी साथीदारांची नावं घेतली तेव्हा निम्मे लोक चपला शोधत होते, आणि माझं आडनाव तरीही चुकवलं.

तिरकीट

ताई, तुम्हाला निदान पट्टी बदलली तर बोटं सरकवायची असतात. तबल्याचं काय करायचं? ठरतं काळी एक, ऐन वेळी निरोप येतो काळी तीन. अडीच स्वर म्हणजे खेळ वाटतो का? एखादा स्वर ओढता येतो, त्यापुढे पुडीच (तबल्याचं कातडं) जाते. दुसरा तबला घरून आणलेला नसेल तर गठ्ठे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकत बसा, आणि प्रेक्षकांना वाटतं तबलजी उशिरा आला.

गळा बसलाय

आता पुरे. गायकाचा गळा म्हणजे पेटीचं बटण नाही. दिवसभर प्रवास करून, थंडी अंगावर घेऊन आलेल्या माणसाची पट्टी खाली-वर होणारच. साथीदार म्हणवता ना, मग साथ द्या. तुमचा तबला जुळला नाही म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही, माझा आवाज फुटला तर मागतात. शिव्या कोण खातं? पोस्टरवर नाव कोणाचं असतं?

पेटीवाली

पोस्टरवर नाव तुमचं, तेच तर म्हणतोय. आणि खालच्या आवाजात सांगते, काळी एकवरून काळी तीन मागणारा गळा थंडीने बसत नाही, रियाझाने बसतो. म्हणजे न केलेल्या.

गळा बसलाय

व्वा. मिनिॲपोलिसच्या वादकांना न्याय द्यायला आलात आणि माझा रियाझ काढलात. तुमची पेटी समान अंतराच्या स्वरांत लावलेली, तिच्यावर शुद्ध गंधार मिळतो का ते आधी बघा. मग इतरांचे सूर शोधा.

नाठाळ

झालं. आता गांधारावर शंभर प्रतिसाद येणार आणि डिलन बिचारा हार्मोनिका पुसत बसणार.

जुनी सुई

तेवढ्यात मूळ विषयावर थोडं. ब्लड ऑन द ट्रॅक्सच्या कव्हरवर नाव कोणाचं होतं? एरिक वायसबर्ग आणि डेलिव्हरन्स, म्हणजे न्यूयॉर्कला आधी वाजवायला घेतलेला बँड. गंमत अशी की अंतिम रेकॉर्डवर हा अख्खा बँड एकाच गाण्यात उरला आहे, 'मीट मी इन द मॉर्निंग'मध्ये. न्यूयॉर्कला डिलनने गिटार ओपन ट्यूनिंगला लावली होती, त्यामुळे त्याची बोटं बघून कॉर्ड ओळखता येईनात. हे लोक पहिल्याच दिवशी मागे पडले, फक्त बासवाला टोनी ब्राउन पुढे राहिला. म्हणजे एका गाण्यात वाजवलेल्यांचं नाव छापील, आणि पाच गाण्यांत वाजवलेल्यांचं नाही. मंद्रसप्तक साहेब, ढिसाळपणा म्हणा हवं तर, पण तो ढिसाळपणा नेमका कोणत्या बाजूला झुकला ते बघा.

दुसरं, ते सगळे 'गावठी' नव्हते, कुणाचा तसा समज असेल तर. पीटरसन आणि बर्ग मुरलेले जाझवाले. बर्ग पुढे डिस्नेत ॲनिमेटर झाला. पीटर ऑस्ट्रुश्कोचं मँडोलिन, ग्रेग इनहॉफरची कीबोर्ड. ख्रिस वेबर गिटारचं दुकान चालवायचा. तो गिटार घेऊन आला आणि त्यालाच बसवलं. 'इडियट विंड'च्या कॉर्ड डिलनने त्याला दाखवल्या, त्याने बाकीच्यांना.

मंद्रसप्तक

जुनी सुई, ही माहिती असताना पहिल्या प्रतिसादात का नाही दिलीत? इतक्या लोकांचं रक्त आटवलंत.

बरं, हॅमिलच्या लेखाची अदलाबदल झाली, तेव्हा नावं टाकता आली असती, हे मान्य. मला कव्हरच्या सबबीत मजा येत होती, ती तुम्ही काढून घेतलीत. पण हिस्सा? नाही. टॉरी आणि फिशर निराळे. हे पाच-सहा जण ठरलेल्या मजुरीवर आले आणि उत्तम वाजवून गेले. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे वादक, फंक ब्रदर्स, 1959 पासून वाजवत होते, त्यांची नावं कव्हरवर आली 1971 मध्ये, मार्व्हिन गेच्या रेकॉर्डवर. त्यांच्यापुढे या दोन रात्रींचं रडगाणं मला अजूनही जास्तच वाटतं.

नाठाळ

म्हणजे एकावर मोठा अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावरचा लहान अन्याय चालतो. सरकारी उत्तर आहे हे.

तिरकीट

हिस्सा मागितला कुणी? मी वर एकदा तरी टक्क्यांबद्दल बोललो का? नाठाळने कोर्ट आणलं, तुम्ही कोर्टात उत्तर देत बसलात. माझं म्हणणं कव्हरच्या मागच्या बाजूचं होतं, आणि ते तुम्ही मान्य केलंत, नाक मुरडत का होईना. आता परवाच्या चर्चेत जाऊन तुमचं ते वाक्य दुरुस्त करा, ते अजून तसंच आहे.

आणि गळा बसलाय, पेटीवर गंधार मिळत नाही हे खरं. पण निम्म्या रात्रीत तुमच्याकडूनही तो मिळत नाही, आणि तेव्हा दोष तबल्याला जातो. पुढच्या वेळी पट्टी दुपारीच कळवा.

गळा बसलाय

कळवतो. पण काळी दोनच. आणि दोन तबले आणा.