हुकूम म्हणजे नक्की काय? (आणि तुरूप, बोली, हात वगैरे)

चौकट_राणी
भाच्यांसाठी तीनशेचार या पत्त्यांच्या खेळाचे नियम मराठीत लिहून काढतेय, आणि पहिल्याच पानावर अडकले. मी लिहिलं "जो जास्त बोलेल तो हुकूम ठरवेल", तर त्यातला एक हिंदी पट्ट्यात वाढलेला, तो म्हणतो मावशी हुकूम ठरवायचा कशाला, हुकूम तर ठरलेलाच असतो, काळा बदाम! म्हणजे आपलं इस्पिक. आता मला सांगा, आपल्याकडे हुकूम हा शब्द एका विशिष्ट रंगासाठी कुणी वापरतं का? आणि पेपरात येतं ते "हुकमी एक्का", "हुकमाचा एक्का", "तुरुपाचा एक्का" हे तिन्ही एकच का?

दुर्री_तिर्री
नाही वापरत. मराठीत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार, आणि हुकूम म्हणजे या चारातला त्या डावापुरता सगळ्यांना भारी पडणारा, मग तो कुठलाही असू दे. हिंदीत मात्र हुकुम, पान, ईंट, चिड़ी असे चार आहेत, त्यामुळे 'हुकुम का इक्का' म्हणजे सरळ इस्पिकचा एक्का. भाचा त्याच्या जागी बरोबरच आहे.

इंदुरी_शेव
आमच्याकडे हा गोंधळ रोजचा! इंदुरातली मराठी घरं म्हणजे अर्धा खेळ या भाषेत अर्धा त्या भाषेत. हुकूम सोडा, खरी मारामारी 'पान' वर होते. मराठीत पान म्हणजे कुठलंही पत्त्याचं पान, हिंदीत पान म्हणजे बदाम. आजी म्हणायची "पान टाक गं" आणि शेजारची मैत्रीण बिचारी बदाम शोधत बसायची, नसला की म्हणायची मेरे पास नहीं है, आणि आजीला वाटायचं हिच्या हातातली पानंच संपली की काय 😄

शब्दवेडा
हुकूम मुळात अरबी, अर्थ आज्ञा. आणि मला वाटतं बोलीच्या खेळात हा शब्द जितका चपखल बसतो तितका इतर कुठे बसत नाही. बघा, तीनशेचारमध्ये ३२ पानं, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना आधी चार-चार वाटायची आणि तेवढ्यावरच बोलायचं, म्हणजे किती पॉइंट करणार ते सांगायचं. जो सगळ्यात जास्त बोलला त्याने स्वतःच्या हातातलं एक पान पालथं ठेवायचं, तो हुकूम. म्हणजे हुकूम देण्याचा अधिकार त्याने बोलून मिळवलेला असतो, आणि तेवढे पॉइंट झाले नाहीत तर तोच गोत्यात. मेंढीकोटमध्ये असं काही नसतं, तिथे बंद हुकूम खेळा नाहीतर कट हुकूम, कुणी काही बोलून कमावलेलं नसतं. कट हुकमात तर ज्याला उतारीचं (फेरीत पहिल्यांदा टाकलेल्या रंगाचं) पान लागत नाही तो जे टाकेल तोच हुकूम, म्हणजे नाइलाजाने निघालेली आज्ञा म्हणा.

चौकट_राणी
@शब्दवेडा हे आवडलं. पण मग 'बोलणे' का 'बोली लावणे'? मी "एकशेसाठची बोली लावली" असं लिहिलं तर भाची म्हणाली लिलाव चाललाय का.

कोकणी_माणूस
लिलावच आहे की तो, पण बोली लावणे पत्त्यात कुणी म्हणत नाही हो. "किती बोललास?" "एकशेसत्तर बोललो." "चढव." "पास." इतकंच. जजमेंटमध्येपण तसंच, "मी तीन हात बोलले" (हात म्हणजे जिंकलेली फेरी), आणि तीनच करायचे, चार झाले तरी मेलीस. ब्रिजवाले 'कॉल' म्हणतात, त्यांचं वेगळंय, ते खेळापेक्षा चर्चाच जास्त करतात.
आणि नियम लिहिताय तर गुलाम आधी लिहा. नवीन माणूस तिथेच पडतो. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, अठ्ठी-सत्तीला शून्य. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४, म्हणून नाव. एक्का हातात आला म्हणून खुशीत बोलत सुटलेले आणि मग नव्वीने एक्का मारल्यावर पंच्याहत्तर प्रश्न विचारणारे पाहुणे दर मे महिन्यात येतात आमच्याकडे.

दुर्री_तिर्री
हा गुलाम-नव्वीचा उलटा क्रम युरोपातल्या यास घराण्यातल्या खेळांतही आहे, डच लोकांच्या क्लावरयासमध्ये हुकमाचा गुलाम पहिला आणि हुकमाची नव्वी दुसरी. फरक इतकाच की तिकडे हा मान फक्त हुकमाच्या रंगात, आपल्याकडे चारही रंगांत. तीनशेचार श्रीलंकेत आणि तमिळनाडूतही खेळतात, केरळात त्याचा छोटा भाऊ अठ्ठावीस, आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनकडची भारतीय वंशाची मंडळी थुनी खेळतात त्यात तर पॉइंट हेच, तीस-वीस-अकरा-दहा-तीन-दोन, फक्त पानं २४.

शब्दवेडा
तुरूप राहिलंच. तो युरोपातून आलेला शब्द आहे, इंग्रजी ट्रंप, डच ट्रूफ, सगळे त्याच कुळातले, मुळाशी विजय असा अर्थ. बंगालीत तर डच लोकांनी रंगांची नावंपण ठेवून दिली, हरतन, रुइतन, इस्कापन. मराठीत खेळताना मी तुरूप कधी ऐकलं नाही, ते पेपरवाल्यांचं, निवडणूक आली की बाहेर निघतं, आणि बहुतेक वेळा हिंदीवरून उचललेलं. आता तुमचे तीन एक्के: हुकमाचा एक्का म्हणजे खेळातला खराखुरा, हुकमाच्या रंगाचा. हुकमी एक्का म्हणजे हमखास कामाला येणारा माणूस किंवा उपाय. हुकमी हा शब्द पत्त्यांशिवायही चालतो, हुकमी औषध, हुकमी गिऱ्हाईक. त्यामुळे दोन्ही एक नाहीत. गंमत म्हणजे तीनशेचारमध्ये हुकमाचा एक्का तिसऱ्या नंबरचा, म्हणजे तिथे तो हुकमी नाहीच!

इंदुरी_शेव
पाकिस्तानात हुकमाला 'रंग' म्हणतात, खेळाचंच नाव रंग आहे, आपण ज्याला कोटपीस म्हणतो तो. म्हणजे हुकूम हिकडे रंगाचं नाव आणि रंग तिकडे हुकमाचं. चौकट_राणी, तुम्ही नियमात रंग शब्द वापरताय ना? मुलं "लाल रंग" समजून बदामावर चौकट टाकतील बघा.

चौकट_राणी
टाकलीच कालच 🙈 आता "उतारी ज्या चिन्हाची, पान त्याच चिन्हाचं" असं केलंय. जरा शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं पण भांडणं कमी झाली. बोलणे ठेवतेय, बोली लावणे काढलं. हुकूमपुढे कंसात "इस्पिक नव्हे" लिहिलंय.

कोकणी_माणूस
चिन्ह?? अहो "उतारीचं पान लागत असेल तर लावायचंच" एवढं लिहा, पोरांना कळतं. आणि ज्याच्याकडे असून लावलं नाही त्याला काय शिक्षा तेपण लिहा, खरी भांडणं तिथे होतात.

दुर्री_तिर्री
किलवर कुठून आलं यावर कुणीच बोललं नाही. डच क्लावरशी जुळतं खरं. वेगळा धागा काढू का?