दारावरचा जप्तीचा हुकूम

ताई: काल दुपारी बेलीफ आपल्या घराच्या दारावर जप्तीचा हुकूम चिकटवून गेला आणि त्याचा अर्थ आईला शेजारच्या काकूंनी वाचून सांगितला, हे मला आज फोनवर कळावे याचे वाईट वाटते. दादा, निदान एक ओळ लिहायची होतीस.

नाना: कोणीही घाबरू नये. दादाने घरातला आपला हिस्सा सूनबाईंना बक्षीसपत्राने द्यावा. मुद्रांक नाममात्र लागतो.

दाजी: नाना, जप्तीनंतर केलेले हस्तांतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे दरखास्तदाराविरुद्ध, म्हणजे वसुलीचा अर्ज करणाऱ्या येणेकऱ्याविरुद्ध, निरर्थक ठरते. जप्तीपूर्वी केले असते, तरी ते धनकोला (येणेकऱ्याला) बुडवण्यासाठी केले म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली आव्हान मिळालेच असते.

दादा: ज्या कर्जापोटी हा हुकूम आला ते मित्राने घेतले, मी केवळ जामीन होतो. आधी त्याची मालमत्ता विकावी, असे न्यायालयाला सांगता येणार नाही का?

दाजी: करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पैसे भरल्यावर ते मित्राकडून वसूल करण्याचा हक्क मात्र तुम्हाला मिळतो.

भाचा: जप्ती डफ वाजवून जाहीर करायची असते म्हणे. आजीने डफ ऐकला का?

ताई: हा थट्टेचा विषय नाही.

धाकटी वहिनी: घरपट्टी सहा वर्षे आम्ही भरत आहोत, एवढेच नम्रपणे नमूद करते.

थोरली वहिनी: आईंच्या औषधांचे पैसे कोण देते, हेही मग नमूद व्हावे.

नाना: बक्षीसपत्राचा विचार करावा, असे मला अजूनही वाटते.

दाजी: बाबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे त्यांच्या या स्वकष्टार्जित घरात आई आणि तिन्ही भावंडे यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे, आणि हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निकाल) एकट्या दादांविरुद्ध असताना जप्ती मात्र संपूर्ण घरावर आली आहे, म्हणून उरलेल्या तिघांनी आदेश २१, नियम ५८ खाली विनाविलंब हरकत घ्यावी. दादांचा हिस्सा त्याने सुटणार नाही. तो लिलावात परक्याने घेतला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे, राहते घर म्हणून, न्यायालय ठरवील त्या किमतीला तो आपल्याला विकत घेता येतो. त्यापेक्षा आत्ताच तडजोडीची रक्कम भरून जप्ती उठवणे मला श्रेयस्कर वाटते. मिळकत पत्रिका (घराचा सरकारी नोंदीचा उतारा) आणि बाबांचा मृत्यूचा दाखला उद्यापर्यंत हवा.

नाना: म्हणजे बक्षीसपत्र नकोच, असे समजू का?

आई: कागद लोखंडी कपाटात आहेत. दादाने स्वतः येऊन न्यावेत.