पदवीदानाला कोण कोण येणार?

दादा : हिचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला. सगळे विषय सुटले, पदवी झाली!! पदवीदानाची नोंदणी सुरू झालीय, पण ही म्हणते प्रमाणपत्र पोस्टानं मागवते. आता तुम्हीच बोला.

आत्या : अभिनंदन सूनबाई! ऊर भरून आला गं.

वहिनी : आभार आत्या 🙏 समारंभाचं म्हणाल तर आजूबाजूला सगळी विशी-बाविशीची मुलं असणार. शिवाय रजा, मुलांची शाळा... कागद घरी येतोय, तर सगळ्यांची धावपळ कशाला?

धाकटी : वहिनी, लांबलचक लिहितेय, पण वाच. नुसता कागद म्हणू नकोस. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट लागतात, एका क्रेडिटला साधारण १० तासांचा अभ्यास धरतात. झाले ३,६०० तास. नोकरी-संसार सांभाळून ६ वर्षांत करायचं तर आठवड्याला साडेअकरा तास, तेही एकही आठवडा न चुकवता. कॉलेजातल्या पोरांना वेळापत्रक आखून मिळतं. तू पहाटे सगळे उठायच्या आत बसलीस, धाकट्याला ताप असताना त्याच्या उशाशी बसून वाचलंस. ओट्यावरच्या फळीला चिकटवलेल्या तुझ्या व्याख्या मी पाहिल्यात, तेलाचे डाग पडलेल्या.

वयाचं म्हणशील तर अमेरिकेत कॅन्ससमध्ये नोला ओक्स नावाच्या बाई २००७ साली पदवीधर झाल्या, वयाच्या ९५व्या वर्षी! त्याच समारंभात त्यांची २१ वर्षांची नातही पदवी घेत होती. पुढे ९८व्या वर्षी त्यांनी मास्टर्ससुद्धा केलं.

आणि मुलांचं काय? "आत्ता नको, उद्या सबमिशन आहे" हे त्यांनी किती वेळा ऐकलंय. परीक्षेच्या आदल्या रात्री तू रडकुंडीला आलेली त्यांनी पाहिलीयस. ज्यासाठी एवढी वर्षं आईचा वेळ सोडला, ते त्यांना डोळ्यांनी बघू दे. तुझं नाव पुकारतील तेव्हा ती दोघं तिथे हवीतच.

दादा : मी रजा टाकली.

थोरली : आई, मी येणार म्हणजे येणारच. फोटो मी काढणार.

आत्या : मलाही न्या रे. जिने फार नाहीत ना?

वहिनी : वाचून डोळेच भरले. भरते फॉर्म. पाहुण्यांचे पास मोजकेच असतात, त्यामुळे आधी मुलं आणि आत्या. लिफ्टचं विचारून सांगते.

भाऊजी : वहिनी, मनापासून अभिनंदन. एक विचारायचं होतं. माझं दुसऱ्या वर्षात सुटलं ते सुटलंच. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल का?

वहिनी : तसंच काही नाही भाऊजी. पण घाईनं प्रवेश घेऊ नका. आधी जुन्या गुणपत्रिका दाखवून विचारा, किती क्रेडिट धरतील. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, आणि जुन्या क्रेडिटना मुदतही असू शकते. पहिल्या सत्रात झेपतील असं वाटतं त्याहून एक विषय कमीच घ्या. आणि परीक्षेच्या तारखा आल्या की सगळ्यात आधी घरी सांगा. माझ्या पेपरच्या आठवड्यात ह्यांनी घर पूर्ण हातात घेतलं, डब्यांपासून पालकसभेपर्यंत. मला विचारायलासुद्धा आले नाहीत. म्हणून निभावलं.

भाऊजी : गुणपत्रिका शोधायला घेतल्या. रविवारी येऊ का?

वहिनी : या की. जाऊबाईंनाही घेऊन या, त्यांच्याशीच आधी बोलायचंय.