ऑस्कर नंतर आलं, गल्ला आधीच भरला होता

'स्पिरिटेड अवे' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट ऑस्करमुळे चालला, असं कुणीतरी लिहिलंय. अहो, उलटंय! 20 जुलै 2001 ला तो जपानमध्ये लागला आणि तिथेच सुमारे 30 अब्ज येन कमावून त्याने 'टायटॅनिक'चा तिथला विक्रम मोडला. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं 'गोल्डन बेअर' हे सर्वोच्च पारितोषिक 2002 चं, ऑस्कर मार्च 2003 चं. तोवर पैसे केव्हाच वसूल झाले होते.

अमेरिकेत मात्र सगळं रडतखडतच. डिस्नेने सप्टेंबर 2002 मध्ये मोजक्या थिएटरांत लावला, ऑस्करनंतर थिएटरं वाढवली, तरी एकूण गल्ला साधारण 1 कोटी डॉलर. डिस्नेच्या मानाने चणे-फुटाणे. इंग्रजी डबिंग मात्र मन लावून केलं होतं हं. समोरची भव्य इमारत बघून चित्रपटातली छोटी नायिका चिहिरो 'हे तर स्नानगृह आहे' असं म्हणते, ते मूळ जपानीत नाहीच. जपानी प्रेक्षकाला ते बघताक्षणी कळतं, अमेरिकन माणसाला कोण सांगणार? शुद्धतावादी यावरही नाक मुरडतात. मला तरी नाही खटकलं.

खरी गंमत चीनची. तिथे हा रीतसर थिएटरात आला 21 जून 2019 ला, तब्बल 18 वर्षांनी! तोवर चोरट्या डीव्हीडींवर आणि डाउनलोडवर सगळ्यांचा पाहून झालेला. तरी लहानपणी फुकट पाहिलेल्या पिढीने तिकिटं काढली, आणि त्याच दिवशी लागलेला 'टॉय स्टोरी 4' मागे पडला. अमेरिकेतल्या कमाईच्या कितीतरी पट पैसा एकट्या चीनने दिला. आता यात ऑस्करचा हात कुठे, ते सांगा.