सेरेब्रो आणि शुभ्र

रशियन 'सेरेब्रो' (चांदी) हा शब्द संस्कृत 'शुभ्र'वरून आला असावा, असा एक दावा आहे. कानाला गोड वाटतं खरं, पण पटत नाही. शेजारच्या भाषांतले चांदीचे शब्द बघा: पोलिश स्रेब्रो, चेक स्त्रीब्रो, लिथुआनियन सिदाब्रास, लाटवियन सुद्राब्स, गॉथिक (एक जुनी जर्मानिक भाषा) सिलुब्र, जर्मन झिल्बर. एकाच मूळ शब्दातून आले असते तर ठरलेल्या नियमांनी जुळले असते. इथे र, ल, द वाटेल तसे जागा बदलतात. असा खेळ बहुधा उसन्या शब्दांत दिसतो. त्यात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेतही 'सिलार' आहे, आणि ती तर या सगळ्यांच्या इंडो-युरोपीय भाषाकुळातलीच नाही! म्हणजे चांदीच्या व्यापाराबरोबर हिंडलेला हा शब्द. मुळात कुणाचा, ते आजवर ठरलेलं नाही.

आपल्या 'रजत'चे खरे भाऊबंद म्हणजे लॅटिन 'अर्गेन्तुम' आणि ग्रीक 'आर्ग्युरोस'. मूळ अर्थ पांढरं, लखलखीत. 'अर्जुन'ही त्याच घरातला.

संस्कृतशी नातंच हवं असेल तर सोन्याकडे या. रशियन 'झोलोतो', चेक 'झ्लातो' आणि आपलं 'हिरण्य' (सोनं) एकाच शब्दमुळातले. तिकडचा 'झ' तो आपला 'ह'. 'हरि' म्हणजे पिवळसर, तोही त्यातलाच. पोलंडचं चलन 'झ्वोती' म्हणजे शब्दशः 'सोन्याचा'. लिथुआनियन मात्र सोन्याला 'आउक्सास' म्हणतात, ते लॅटिन 'औरुम'च्या गोतातलं. अगदी शेजारच्या लाटवियनमध्ये पुन्हा 'झेल्त्स'!