युद्धपटाची सुरुवात: नायक-खलनायक शिकवायला कोणता प्रसंग दाखवू?

मधली_सुट्टी: सोसायटीतल्या नववी-दहावीच्या मुलांचं एकांकिका शिबिर घेतेय. पहिल्याच प्रवेशात नायक-खलनायक कसे उभे करतात, हे युद्धपटातून दाखवायचंय. अटी: दहा मिनिटांच्या आत, रक्तपात नको, सबटायटल नकोत.

चहाबाज: डोळे झाकून 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' (2009). नाझी अधिकारी लांडा फ्रेंच शेतकऱ्याच्या घरी येतो, वाइन नको म्हणतो, दूध मागतो आणि ग्लास एका दमात रिकामा करतो. आवाज चढवत नाही, उलट गाईंचं कौतुक! फळ्यांखाली लपलेलं ज्यू कुटुंब कॅमेरा बऱ्याच उशिरा दाखवतो. लांडा साकारणाऱ्या वॉल्ट्झला ऑस्कर उगाच नाही मिळालं.

मधली_सुट्टी: प्रसंग मोठा आहे हो, सुरुवात फ्रेंचमध्ये, आणि शेवटी गोळीबार.

चहाबाज: मग गोळीबाराआधी थांबवा.

धडामधूम: 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (1998)! ओमाहा किनाऱ्यावरची लढाई! मी होम थिएटर घेतलं तेच मुळी या प्रसंगासाठी. खालचे काका भांडायला वर आले होते.

खडूस: तो सिनेमा किनाऱ्यावर नाही, दफनभूमीत सुरू होतो. आधी सिनेमा बघा, मग स्पीकर घ्या.

धडामधूम: तेच ते.

खडूस: तेच ते कसं? कुटुंबाला घेऊन कबरीपाशी आलेला म्हातारा दाखवला की पुढच्या धुमश्चक्रीत आपण कुणाच्या बाजूने, हे ठरूनच जातं. बरं, त्याच किनाऱ्यावर हात वर केलेल्या, जर्मन गणवेशातल्या दोघांना अमेरिकन सैनिक गोळ्या घालतात. ते दोघे बोलतात चेक भाषेत. हे किती जणांच्या लक्षात येतं?

आपला_बंड्या: 'बॉर्डर' कुणीच कसा नाही सुचवला? लोंगेवाला! सुरुवात कशाला, पूर्ण दाखवा. हल्लीच्या पोरांना तीन तास बसवत नाही म्हणा.

कृष्णधवल: 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (1957). महालात दोन फ्रेंच जनरल गप्पा मारताहेत. धाकटा म्हणतो, हल्ला अशक्य. थोरला बढतीचा विषय काढतो. जरा वेळाने त्याच धाकट्याला हल्ला जमण्यासारखा वाटू लागतो. खलनायक आपल्याच गणवेशात, रक्ताचा थेंब नाही, आणि नुसतं दोघांचं बोलणं, म्हणजे स्टेजवर जसंच्या तसं करता येईल.

चहाबाज: +1, पण लांडा तो लांडाच.

आपला_बंड्या: 'डंकर्क' तेवढा टाळा. खलनायकच नाही, पैसे वाया गेले माझे.

मधली_सुट्टी: सगळ्यांचे आभार. 'डंकर्क'च (2017) दाखवतेय. रिकाम्या रस्त्यावर वरून पत्रकं पडतात, नकाशात चहूबाजूंनी बाण: तुम्ही वेढले गेला आहात. एक पोरसवदा ब्रिटिश सैनिक बागेतल्या नळीचं पाणी पितोय, एक खिडकीतून हात घालून सिगारेटची थोटकं शोधतोय. मग गोळ्या सुटतात आणि मारणारा दिसतच नाही. संवादही जवळजवळ नाहीत. कृष्णधवल, तुमचा प्रसंग वेळ उरला तर.

आपला_बंड्या: मग विचारलंत कशाला?

धडामधूम: सबवूफर हवा तर सांगा, आणून लावतो.