मदत हवी आहे: आरव्हीच्या टॉयलेटचा फ्लँज निघत नाहीये

मंडळी, अमेरिकेत कुणी आरव्हीची (राहायची सोय असलेल्या गाडीची) कामं घरीच करतं का? आमच्या जुन्या ट्रेलरमधला टॉयलेटचा फ्लँज (टॉयलेट खालच्या पाइपला जोडणारी कडी) बोल्टच्या खाचेपाशी तडकलाय, त्यामुळे टॉयलेट डुगडुगतं आणि फ्लश केलं की बुडाशी पाणी येतं. रबरी सील नवीन टाकून बघितलं, फरक शून्य (वॅक्स रिंग, म्हणजे मेणाचं सील, सुचवू नका प्लीज, चालत्या गाडीत ती टिकत नाही). आता टॉयलेट काढलंय, ब्लॅक टँक (मैल्याची टाकी) रिकामा करून धुतलाय, स्क्रूही काढले पण फ्लँज जागचा हलायला तयार नाही. ३ इंची काळा एबीएस प्लॅस्टिकचा पाइप आहे, सरळ टँकमध्येच जातो. जोर लावला आणि टँकचं तोंडच फुटलं तर सगळंच मुसळ केरात. फ्लँज आट्यांचा आहे का चिकटवलेला हे वरून कसं ओळखायचं, आणि चिकटवलेला असेल तर आतून कापायचा का वरून स्टीलची रिपेअर रिंग बसवून भागेल?